साहेबांना 'सर' करण्याची घाई

हे सांगू की नको, असं दहा वेळा मनात येऊन गेलं. पण आता चहा ओतलाच आहे, तर ऐका. पाहुण्याला स्वतःच्या घरी जेवायला बसवून मी जे बोललो, ते माणूस शत्रूलाही बोलत नाही. आणि तेही हसत हसत.

मी बहारीनला एका कंपनीत अकाउंट्समध्ये. तेव्हा मॅनेजरची जागा रिकामी झाली होती आणि ती कुणाला द्यायची हे आमचे इंग्रज साहेब ठरवणार होते. अशात साहेबांचे वडील विलायतेहून आले. बायको म्हणाली, "दोघांनाही गुरुवारी जेवायला बोलवा. माझी कोळंबी खाल्ली की सही झालीच म्हणून समजा."

बापलेक ईसा टाउनला आमच्या घरी आले. वडील नव्वदीकडे झुकलेले, पण ताठ. साहेबांनी ओळख करून दिली, वडील 'सर' आहेत. कुठल्याशा राजाने त्यांच्या पूर्वजाला दिलेला किताब, बापाकडून थोरल्या मुलाकडे येत राहिलेला.

"म्हणजे तुम्ही पण सर?" मी साहेबांना विचारलं.

"नाही. मी पुढचा."

इथे माझं डोकं चालेना. आमच्या पणजोबांना इनाम मिळालं, तेव्हापासून घरातलं मांजर सोडून सगळे इनामदार. माझी मुलगी तर पाळण्यात असल्यापासून. आणि हा पंचावन्न वर्षांचा थोरला मुलगा अजून रांगेत? मला वाटलं, सासू सुनेच्या हाती किल्ल्या देते तसं काहीतरी असणार, आणि म्हातारा किल्ल्या सोडत नसणार.

साहेबांची बाजू घ्यायला याहून चांगली वेळ कुठली?

"मग यांना कधी करताय सर?" मी वडिलांना विचारलं.

"अजून तारीख ठरलेली नाही," ते शांतपणे म्हणाले.

"किती दिवस ताटकळत ठेवणार? या वर्षी होऊनच जाऊ दे."

साहेबांना ठसका लागला. मला वाटलं, मिरची. मी त्यांना पाणी दिलं आणि पुढे सुटलो. "मी गावच्या देवाला नवस बोलतो. काम झालं की ऑफिसात पेढे माझ्याकडून."

बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. ती वाढायची खूण आहे असं समजून मी वडिलांना आग्रहाने कोळंबी वाढली.

वाटीकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, "इतक्या तातडीने?"

तेव्हा माझी दहावीतली मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, ही हॅज टू डाय फर्स्ट."

त्यानंतर मी काय बोललो ते नीटसं आठवत नाही. बहुधा शंभर वर्षं जगा म्हणालो. पण नव्वदीला टेकलेल्या माणसाला तेही फारसं बरं दिसत नाही.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडताच साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनामा लिहून खिशात घेऊनच गेलो.

"तुम्हाला मॅनेजर केलंय," साहेब म्हणाले. "बाबांनीच आग्रह धरला."

माझे डोळे भरून आले. केवढ्या मोठ्या मनाचा माणूस.

"फक्त जागा इथली नाही. हिद्द गावच्या गोदामातली."

"का साहेब?"

"बाबा म्हणाले, त्याला वर घे, पण तुझ्या लगेच खालच्या खुर्चीत बसवू नकोस. तो तुझंही भलं चिंतायला लागेल."