आबांचा शेरू आणि मंदाची चिमी

दूध संस्थेच्या सेक्रेटरीकडं दूध टिकत नाही, किस्से मात्र साठत जातात. त्यात दुष्काळ असला की विचारूच नका. तलवाड्याजवळच्या आमच्या गावात त्या वर्षी दुधाच्या कॅनपेक्षा संचालक जास्त झाले होते. काम नसल्यावर माणसं काय करणार? बोलणार.

संस्थेचं ऑफिस म्हणजे चेअरमन आबांच्या घराची पुढची खोली. मागं आबा, काकू आणि शेरू नावाचा तगडा कुत्रा. शेरूनं एकदा एक मांजर मारलं होतं. तेव्हापासून गल्लीत मांजर फिरकत नव्हतं आणि उंदीर सभासदांच्या आधी ऑफिसात ठेवलेली सरकी पेंड खात होते.

मीटिंगमध्ये विषय निघाला. औषध टाकावं तर पेंड जनावरांच्या पोटात जाणार. शेवटी मांजर पाळायचा ठराव एकमतानं पास झाला. आमच्या संस्थेत एकमतानं झालेला तेवढाच एक. शेरूचं मत कुणी विचारलं नाही.

*

दसरा झाला आणि वस्तीवरची मंदा नवऱ्यासोबत ऊसतोडीला निघाली. जाताना ऑफिसात आली, कडेवर चिमी मांजर.

"काकू, शेळी भावाकडं ठिवली. हिला कुणीच ठिवून घेईना."

काकूंनी हात पुढं केले. मंदानं शेरूकडं बघून चिमीला घट्ट धरलं.

"कुत्रं हाय तुमचं."

"कुत्रं हाय, पण घरात माझं चालतं," काकू म्हणाल्या.

मंदानं आबांकडं पाहिलं. आबा खाली बघत होते. तिला पटलं.

*

त्याच दिवशी मधलं दार उघडं राहिलं. शेरूनं झेप घेतली. चिमी कॅनवरून माझ्या टेबलावर आणि टेबलावरून माझ्या मानेवर.

"सेक्रेटरी, हलू नका," आबा साखळी ओढत ओरडले.

मी हललो नाही. मानेवरून रक्त आलं. शेरूला बाहेर बांधून आबा धावत आले आणि कळवळून म्हणाले, "लागलं का?"

मी म्हणालो, "थोडंसं."

"तुमाला न्हाई. तिला."

*

काकूंनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "घाई करू नका. आधी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. एकाचं फडकं दुसऱ्याच्या जागेत टाका, वासाची ओळख होऊ द्या. मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवू घाला. समोरासमोर आणाल तेव्हा कुत्रा साखळीला हवा आणि मांजराला चढायला उंच जागा हवी. कुत्रा शांत बसला की भाकरीचा तुकडा द्या."

"आन न्हाई बसला तर?" काकूंनी विचारलं.

"परत दारामागं. पहिल्यापासून."

आबा म्हणाले, "येवढं तर आमी पॅनल जुळवताना बी करत न्हाई."

उंच जागा म्हणजे ऑफिसची वरची फळी. तिथल्या आबांच्या सत्काराच्या ट्रॉफ्या पोत्यात गेल्या.

*

व्हाइस चेअरमन नाना आणि आबा तेव्हा बोलत नव्हते. टँकर कुणाच्या दारात थांबवायचा, यावरून बिनसलं होतं. एकदा मीटिंगनंतर काकूंनी नानांना ऑफिसात ताट वाढलं, आबांना मागच्या खोलीत, आणि मधलं दार लावून घेतलं.

"काकू, दार कावून लावलं?" नानांनी विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय," काकू म्हणाल्या आणि वरण आणायला गेल्या.

*

समोरासमोर आणायच्या दिवशी आबांनी साखळी मनगटाला गुंडाळली होती. शेरू फळीवरच्या चिमीकडं बघून गुरगुरला आणि काकूंच्या हातातली भाकरी दिसताच बसला. असं कितीतरी दिवस चाललं. मग एका दुपारी चिमी आपणहून उतरली आणि शेरूच्या भांड्यातलं पाणी प्यायला लागली. टँकरचं पाणी ते, आम्हीसुद्धा जपून प्यायचो. शेरू बाजूला उभा राहिला. तिचं झाल्यावर प्याला.

आबांनी तरी साखळी सोडली नाही. ती पुढं बऱ्याच दिवसांनी काकूंनी सोडली.

*

गुढीपाडव्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. मंदा आली, चिमीला घेऊन गेली. शेरू फळीखाली पडून राहिला. भाकरीला तोंड लावेना.

मग आबा रोज संध्याकाळी त्याला घेऊन वस्तीवर जायला लागले. तो चिमीजवळ बसायचा, आबा मंदाच्या दारातल्या दगडावर. घरी आल्यावर शेरू जेवायचा.

संस्थेची निवडणूक तोंडावर होती आणि वस्तीवर सभासद बरेच. नानांनी हॉटेलात आबांसमोरच चारचौघांत टोमणा मारला, "चेअरमन रोज वस्तीवर जातेत. मतं मागायला जातेत म्हणे."

मी आबांच्या कानाशी लागलो. "खरं काय ते सांगून टाका की."

"काय सांगू? चेअरमन कुत्र्याला मांजराची भेट घालायला जातो म्हणून?"

आबांनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय नाना. मतं मागायलाच जातो."