पाटलाच्या कडब्याची आग

निजामाचं फसली साल तेराशे पन्नास. आजच्या हिशोबानं सन एकेचाळीस. चैत्र वद्य सप्तमी, भर उन्हाळा, आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अकरा दिवस बाकी. इतकं नेमकं सांगतो, कारण त्या दिवशी मी काय केलं हे गावानं नेमकं लक्षात ठेवलं आहे. मी एकट्यानं विसरून काय उपयोग?

तर बसा. चहा घ्या. आणि मधे बोलू नका.

आमचं गाव हर्सूलच्या पुढं, फर्दापूरच्या सडकेला लागून. घरं बहुतेक छपराची. शहरात आगीचा बंब असेल तर असेल. तो आमच्याकडं पोचेपर्यंत राखसुद्धा गार झाली असती. त्या सालाच्या दोन वर्षं आधी एक आळी पेटली, तेव्हा सगळं गाव धावलं. पण जो तो हुकूम सोडत होता. एक म्हणे छप्पर ओढा, दुसरा म्हणे पाणी टाका, आणि तिसऱ्यानं भरली घागर चौथ्याच्या डोक्यावर रिकामी केली. तीन घरं गेली.

मग मी चौदा गडी निवडले. पगार नाही, बक्षीस नाही, सरकारचा कागद नाही. गाव आम्हाला आगवाले म्हणायचं. म्होरक्या मी. शाळा म्हणाल तर दोन यत्ता, त्याही उर्दूत. पण आग काही कुणाची यत्ता विचारत नाही.

चावडीपुढच्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला. तो वाजला की सगळ्यांनी हातातलं काम टाकून यायचं. आकडे लावलेले लांब बांबू, गोणपाटं, घागरी एवढं आमचं सामान. शिवाय बशीरचाचा भिस्ती आणि त्यांचा रेडा. रेड्याच्या पाठीवर पाण्यानं भरलेल्या कातड्याच्या दोन पखाली. चाचांची साठी उलटलेली, पण कुठंही धूर दिसो, चाचा सगळ्यांच्या आधी हजर.

कायदे दोनच. पहिला, आगीवर कुणी तोंड उघडायचं नाही. बोलेन तो मी. दुसरा, जळणाऱ्या वस्तूच्या मालकाला आधी धरायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळायचं आणि एकानं त्याच्यावर बसायचं. हसताय कशाला? आपलं जळताना बघून माणूस शहाणा राहत नाही. एक म्हातारी लुगड्याच्या पेटीसाठी पेटत्या घरात शिरत होती, ती या कायद्यानं वाचली. बसायचं काम किसनचं. किसन आमच्यातला सगळ्यात वजनदार. म्हातारीवर मात्र त्याला बसू दिलं नव्हतं.

आता धोंडिबा कुंभार. गरीब, अबोल माणूस. त्याची भट्टी गावातच, घरामागं. तिची ठिणगी आदल्या साली एका छपरावर पडली होती. मी त्याला चावडीवर बोलावलं.

"भट्टी गावात लावायची नाही."

"मग कुठं लावू, आप्पा?"

"गावाबाहेर. कुठंही. माझ्या नजरेला पडली नाही म्हणजे झालं."

धोंडिबा मान हलवून गेला. आणि मी बैलगाडी जुंपून आठ दिवस औरंगाबादच्या छावणीला गेलो, कडबा विकायला.

या आठ दिवसांत काय झालं? नाल्यापलीकडं निवडुंगाचं दाट कुंपण आहे. त्याच्यामागं पाटलाच्या कडब्याच्या गंजी असायच्या. धोंडिबानं पाटलाच्या हातापाया पडून ती जागा मागितली. पाटलानं गंजी हलवून मळ्यात नेल्या. धोंडिबानं तिथं भट्टी रचली. कुंपणाआड, म्हणजे माझ्या नजरेला पडणार नाही अशी. माझाच हुकूम त्यानं तंतोतंत पाळला होता.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही. मला आपण होऊन काही सांगायला कुणी येत नसे. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

सप्तमीला दुपारी गाडी घेऊन परतलो. बैल सोडतोय, तोवर नाल्यापलीकडं बघतो तर धूर! पांढरा, दाट, आभाळाला टेकलेला. पाटलाचा कडबा पेटला! पाऊस पडेपर्यंत निम्म्या गावाची जनावरं त्याच कडब्यावर जगायची. मी धावत चावडीला गेलो आणि रूळ असा बडवला की लिंबावरचे कावळे उठले.

चौदाच्या चौदा आले. किसन धापा टाकत म्हणाला, "आप्पा, तिकडं तर..."

"तोंड बंद!"

बशीरचाचा रेडा हाकत आले. "अप्पा, वो तो अपने धोंडिबा का..."

"चाचा, कायदा!"

"हौ बाबा, कायदा," चाचा म्हणाले आणि रेड्याला काठी मारली.

आम्ही धावलो. वारा समोरून. निवडुंग ओलांडला तसे डोळे धुरानं भरले. मला दिसला फक्त एक ढीग, वर जळकी काडं, आतून लाल. आणि दोन्ही हात पसरून, ओरडत आमच्या अंगावर धावत येणारा एक माणूस.

मी गरजलो, "मालक!"

दोघांनी त्याला ओल्या गोणपाटात घेतलं. किसन वर बसला. गोणपाटातून ओरडणं चालूच होतं, पण किसन बसल्यावर माणसाच्या ओरडण्यातलं काही कळत नाही.

"पाणी!"

पहिल्या पखालीचं तोंड सुटलं. आता मी अनेक आगी विझवल्या आहेत. कडबा विझताना फस्स आवाज होतो. इथं झाला तड्. मग तड् तड्. मग तर ढिगात कुणी फटाक्यांची माळच लावावी तसं.

इथं एखाद्या शहाण्या माणसानं हात थांबवला असता. मी काय म्हणालो असेन?

"आत धुमसतीया! दुसरी पखाल सोडा!"

दुसरीही सोडली. वर चौदा घागरी. एकजणही तोंड उघडेना. अशी शिस्त, असं काम! मला वाटलं, या वेळी औरंगाबादेहून एखाद्या साहेबानं यायला हवं होतं बघायला.

धूर बसला. मी पुढं झालो आणि आकड्यानं ढीग ओढला. आतून एक मातीची केळी घरंगळत आली, म्हणजे आखितीला पुजतात ती लहान घागर, आणि माझ्या पायाशी थांबली. मी उचलून बघितली. तांबडी, गोल, शाबूत. आणि इतकी गरम की हातातून सुटली. फुटली.

सगळ्या भट्टीत शाबूत राहिलेली ती एकच होती. हे मला मागाहून कळलं.

किसन न सांगता उठला. गोणपाटातून धोंडिबा बाहेर आला. चिंब भिजलेला, डोक्याला माती. मला वाटलं, हा आता धोंडा उचलणार. त्यानं नुसतं भट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आप्पा, माझं काय चुकलं? तुमी सांगितलं तशी गावाभाईर आणली की."

याला मी काय उत्तर द्यावं? तुम्हीच सांगा. नका सांगू.

तेवढ्यात त्याची बायको भागूबाई भाकरी घेऊन आली. टोपलं डोक्यावर, तशीच उभी राहिली. ती धोंडिबासारखी अबोल नव्हती.

"अरं मेल्यांनो! दोन महिने माती तुडवली मी! आखितीला पितरांना पाणी कशात द्यायचं आता? आप्पाच्या मुंडाशात?"

आमच्याकडं आखितीला पितरांच्या नावानं नवी केळी पाण्यानं भरून पुजल्याशिवाय कुणी जेवत नाही. गावातल्या आणि आसपासच्या चार वाड्यांतल्या घरांना केळ्या द्यायचा मान धोंडिबाचा. त्या पोचल्या की घरटी त्याला सुपानं धान्य मिळायचं, त्यावर त्याचा पावसाळा निघायचा. एक साल केळ्या चुकल्या, तर लोक पलीकडच्या गावच्या कुंभाराकडं जाणार. आणि एकदा गेलेली घरं परत येत नाहीत.

मी गड्यांकडं वळलो. "तुम्हाला ठाऊक होतं, भट्टी आहे?"

चौदा माना हलल्या.

"मग बोलला का नाही?"

"तोंड बंद म्हणालात," किसन म्हणाला.

"आणि पाणी कसं टाकलं? हात कसे चालले?"

सगळे चाचांकडं बघायला लागले. शेवटी बशीरचाचा म्हणाले, "हम समझे, तुम जानबूझ के बुझा रै. तुमना गुस्सा आया की कायकू आया, कौन पूछता?"

म्हणजे बघा. मी रागाच्या भरात गरिबाची भट्टी बुडवीन, हे चौदा जणांना सहज पटलं होतं. एकालाही नवल वाटलं नव्हतं. पाणी पडताना केळ्या तडकल्याचं मला कळलं नव्हतं, हे मात्र मी स्वच्छ ऐकलं.

माफी मागायची मला सवय नव्हती. अजून नाही. मी धोंडिबाला विचारलं, "पुन्हा भट्टी लागायला काय काय हवं?"

"माती हाय थोडी. पर लीद नाय. मातीत घोड्याची लीद लागती. आन् तुडवायला मानसं. अकरा दिवसांत नाय व्हायचं, आप्पा."

"होईल."

त्याच पावली बैल पुन्हा जुंपले. छावणीच्या घोड्यांच्या पागेपाशी गाडी उभी केली. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "क्या ले जाने आए?"

"लीद."

"कितनी?"

"गाडीभर."

"घर में शादी है क्या?"

मी बाह्या वर सारल्या. हातानं भरली. चार दिवसांपूर्वी त्याच छावणीत मी ताठ मानेनं कडब्याचा भाव करत हिंडत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आगवाले धोंडिबाच्या दारात. धोतर मांड्यांपर्यंत वर, आणि चिखलात. माती तुडवणं सोपं वाटतं ना? दोन घटकांत पोटऱ्या दगड होतात. वरून भागूबाई उभी. मूठभर माती बोटांत चोळून बघायची आणि म्हणायची, "खडा लागतोय. आप्पा, पुन्यांदा."

"एवढासा खडा..."

"एवढासाच फोडतो केळी. तुमाला फोडायला पखाल लागली, खड्याला तीबी लागत नाय."

मी पुन्हा तुडवायचो. गाव येता-जाता बघायचं. बायका तर पाण्याला जायची वाट बदलून तिकडून जायला लागल्या. बशीरचाचांचा रेडा पाणी आणत होता आणि माझ्याकडं टक लावून बघत होता. रेड्यालाही कळतं.

धोंडिबाचं मात्र काही वेगळंच. चाकावर बसला की तो अबोल धोंडिबा राहायचा नाही. "चला, गोळा! बारीक! दुसरा!" चौदा माणसं त्याच्या शब्दावर हलत होती, आणि तो एकदाही ओरडला नाही. मी ते गुपचूप बघून ठेवलं.

पाच दिवसांत केळ्या उतरल्या. धोंडिबानं बोटांवर घरं मोजली. एक केळी कमी. माती उरली होती एक गोळा. त्याची बोटं चाकाला लागून सोललेली.

"कुणाचं घर राहिलं?" मी विचारलं.

त्यानं चाक पुसायला घेतलं. भागूबाई बोलली. "तुमचंच. हा गोळा घ्या, बसा चाकावर. ज्याचं त्यानं करावं."

मी बसलो. काय सांगू तुम्हाला! चाक फिरवलं तसा गोळा माझ्या छातीवर आला. दुसऱ्यांदा किसनच्या तोंडावर गेला. तिसऱ्यांदा काहीतरी उभं राहिलं. पोट एकीकडं, तोंड दुसरीकडं, जणू शेजाऱ्याच्या घरात डोकावतंय. धोंडिबानं ती वस्तू गंभीरपणे हातात घेतली, उन्हात ठेवली आणि म्हणाला, "चालंल."

वैशाख शुद्ध प्रतिपदेला निवडुंगामागं भट्टी पेटली. दुसऱ्या दिवशी उघडली. चांगल्या घडणीच्या दोन केळ्या तडकल्या. धोंडिबानं अशा तडकण्यासाठीच गेल्या सालच्या दोन कोऱ्या केळ्या राखून ठेवल्या होत्या, त्या दिल्या. माझी तडकली नाही. मी तर देवाला विनवत होतो की तडकू दे.

आखितीच्या सकाळी धोंडिबा घरोघर फिरला. एकही घर चुकलं नाही. माझं घर शेवटी. माझी केळी त्यानं फडक्याखाली झाकून आणली, वाटेत कुणाला दिसू नये म्हणून. एवढं मोठं मन माझं नव्हतं.

बायकोनं गव्हाची रास घातली, केळी मांडली, पाणी भरलं, वर आंबा ठेवला. आंबा घसरला. पुन्हा ठेवला. मी हात जोडले, वाडवडिलांची नावं घेतली. डोळे उघडले तर गव्हाच्या राशीतून एक बारीक धार माझ्या गुडघ्याकडं येत होती. केळी निम्मी रिकामी.

बायकोनं धारेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तुमचे पितर लई तहानलेले दिसत्यात," ती म्हणाली.

दारात धोंडिबा उभा होता. त्यानं मान वळवली, पण त्याचे खांदे हलत होते. हसू दे. मी सूपभर ज्वारी आणली आणि त्याच्या उपरण्यात ओतायला गेलो. त्यानं हात आडवा केला.

"आप्पा, ही तुमी केली. हिचं धान्य मी कसं घिऊ?"

"माती तुझी. भट्टी तुझी. घे."

त्यानं उपरणं पसरलं. मी सूप रिकामं केलं.

"फिटलं?" मी विचारलं.

"फिटलं," धोंडिबा म्हणाला.