साडूंचा दगडी दवाखाना

"पेटवू नका! वात पेटवू नका रे! आत माणूस आहे!"

विहिरीच्या तळातून ही आरोळी आली तेव्हा काठावरचे आम्ही सगळे दचकून मागे सरलो. आत माणूस आहे असं ओरडून सांगणारा माणूसच आत होता, आणि तो माझा साडू होता. सुरुंगाची भोकं ठासून झाली होती, वाती सोडून झाल्या होत्या, खोदणारी माणसं वर आली होती, शेजारच्या मळ्यातली गुरंसुद्धा लांब नेऊन बांधली होती. एवढ्या बंदोबस्तातून हा गृहस्थ खाली कधी उतरला ते कोणालाच कळलं नाही. "पाव्हना, वर या!" माझे सासरे, म्हणजे आबा, काठावरून ओरडले. "ही मनी विहीर शे, दवाखाना नही!" खालून शांतपणे उत्तर आलं, "आजपासून आहे, आबा."

दगडावर श्रद्धा ठेवणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ. शेंदूर फासला की कोणीही ठेवतं. पण बिनशेंदराच्या दगडावर इतका भरवसा ठेवणारा माणूस सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत दुसरा झाला नाही, आणि यापुढे होऊ नये अशी माझ्या सासुरवाडीची प्रार्थना आहे. साडू धुळ्याला बांधकाम खात्यात रोड कारकून होते. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग पडतात, ते मोजायचे, हे त्यांचं काम. वैशाखातल्या उन्हात खडी मोजून इतर माणसांना चक्कर येते. साडूंना ज्ञान झालं. "खडी फोडणाऱ्या बाईला कधी सर्दी झालेली बघितली का?" असं ते मला विचारत. मी म्हणे, नाही बघितली. "मग!" एवढंच म्हणून ते थांबत, जणू पुढचं वैद्यकशास्त्र मी घरी जाऊन स्वतः पुरं करायचं आहे. त्या बायांना सर्दी व्हायला सवड कुठे होती, हा मुद्दा मी एकदा मांडून पाहिला. त्यावर त्यांनी मला खिशातली एक गारगोटी दिली आणि ती तोंडात धरायला सांगितली. म्हणजे मला बोलता येणार नाही, असा त्यात दुहेरी फायदा होता.

दगडाला जीभ लावून तो कुठला ते सांगणं ही त्यांची हातोटी. अमळनेरला एका लग्नात जेवताना माझ्या दाताखाली भातातला खडा आला. कळ थेट मस्तकात गेली. साडूंनी तो माझ्या हातातून घेतला, पाण्याने धुतला, जिभेच्या टोकाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "साक्रीकडचा." वाढपी पंगत सोडून त्यांच्याकडे बघायला लागला. कारण तांदूळ खरोखरच साक्रीच्या व्यापाऱ्याकडून आला होता. तेव्हापासून त्या तालुक्यात त्यांना पंगतीत वरच्या पाटावर बसवत. काहींचं म्हणणं, मानाने. काहींचं म्हणणं, तांदूळ कोणी निवडला ते त्यांनी मोठ्याने सांगू नये म्हणून.

आमच्याकडे जळगावला मिक्सर आला त्या दिवशी ते नेमके पाहुणे होते. माझ्या बायकोने कौतुकाने बटण दाबलं, मिरच्या-लसणाचा ठेचा क्षणात झाला, आणि साडूंनी ताट बाजूला सारलं. "पाट्यावर वाटलं की पाटा झिजतो," ते म्हणाले. "झिजतो म्हणजे जातो कुठे? पोटात! आपले आजे-पणजे जन्मभरात एकेक जातं आणि दीड पाटा खाऊन गेले, म्हणून त्यांची हाडं सरणावरसुद्धा लवकर जळायची नाहीत. आता हे यंत्र आलं. बघा, पुढच्या पिढीला साधी बादली उचलवणार नाही." त्या दिवशी त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नुसत्या मिठाबरोबर खाल्ली. मीठ सैंधव होतं, आणि ते त्यांनी पिशवीतून आणलं होतं.

पिशवी हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. तिच्यात तुरटी, गेरू, शंखजिरे, चुनखडी, टाचा घासायची वजरी आणि नावं नसलेले निदान पंधरा-वीस दगड असत. एस.टी.च्या कंडक्टरने ती उचलून पाहिली की त्याचा चेहरा उतरे. "भाऊ, यात काय आहे?" "औषधं." "कोण आजारी आहे?" "अजून कोणी नाही," साडू म्हणत आणि खिडकीशी जाऊन बसत. धुळ्यातल्या एका डॉक्टरशी त्यांचं कायमचं वैर होतं, कारण त्यांनी भर दवाखान्यात रुग्णांसमोर हिशेब मांडला होता: "तुमची कॅल्शियमची गोळी म्हणजे चुना. रक्तवाढीची गोळी म्हणजे लोखंडाचा गंज. पोटाची पांढरी पावडर म्हणजे खडू. तुम्ही दगडच देता, फक्त दळून आणि वेष्टन घालून. मी आख्खा देतो." डॉक्टरांनी त्यांना बाहेर काढलं. मी मास्तर असल्यामुळे मात्र ते मला जवळचा मानत. "तुम्ही दिवसभर खडू हाताळता, साडूभाऊ. म्हणजे तुम्ही आमच्यातलेच."

त्यांच्या घरी मी एकदा मुक्कामाला होतो. उशीखाली काहीतरी टोचतंय म्हणून पाहिलं तर पाच दगड, पंचायत बसावी तसे गोल मांडलेले. सकाळी साडूंनी विचारलं, "झोप कशी लागली?" मी म्हणालो, लागलीच नाही, मानही धरली आहे. ते समाधानाने म्हणाले, "म्हणजे काम सुरू झालं. आतला शीण वर यायला लागला." आणि गंमत म्हणजे त्याच दगडांतला एक चपटा दगड त्यांनी चुलीत तापवला, फडक्यात गुंडाळला, माझ्या मानेखाली ठेवला, आणि अर्ध्या तासात मान मोकळी झाली. हीच तर पंचाईत होती. माणूस सगळाच खोटा असता तर कधीच सोडून दिला असता. पण गढूळ पाण्यात तुरटी फिरवून त्यांनी गल्लीला एक अख्खा पावसाळा नितळ पाणी पाजलं होतं, आबांच्या फुटलेल्या टाचा वजरीने घासून लोण्यासारख्या केल्या होत्या. दहांतले दोन उपाय लागू पडत, आणि उरलेले आठ त्या दोघांच्या पुण्याईवर जगत.

या सगळ्याचं मूळ कुठे होतं ते मला लग्नानंतर पुष्कळ उशिरा कळलं. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला, दमा होता. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. थंडी पडली की अक्का भिंतीला टेकून बसायची, बोटांनी अंथरूण घट्ट धरून, आणि हवा जणू कोणीतरी मोजून देतंय अशी ओढायची. साडू शेजारी बसून तिच्या छातीवरचे दगड बदलत. गरम, मग गार, मग काळा, मग पांढरा. गल्लीची दुखणी त्यांनी दगडाने पळवली होती, निदान गल्ली तसं म्हणे. घरातलं हे एकच दुखणं त्यांना दाद देत नव्हतं. रोड कारकुनाला जितके रस्ते लाभतात तितक्या रस्त्यांवरचे दगड आणून झाले होते.

तर ती आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. चाळीसगावपासून तासाभराच्या वाटेवर आमची सासुरवाडी. दोन्ही लेकी माहेरी आलेल्या, मागोमाग आम्ही दोघे जावई. घरात पुरणाचा वास आणि आबांच्या चेहऱ्यावर सुतक. दोन वर्षांपूर्वी आबांनी हौसेने लिंबाची बाग लावली होती, आणि त्या उन्हाळ्यात विहीर आटली. बैलगाडीवर पिंप ठेवून लांबच्या नाल्यातून पाणी आणायचं आणि रोपाला तांब्या तांब्या घालायचं, असं चाललं होतं. पानं वळून सुरळी झाली होती. विहीर खोल करायला माणसं लावली होती, आणि सुरुंग लावणारे एक म्हातारे चाचा खात्रीने सांगत होते की खालचा दगड ओला लागतोय, अजून एक बार उडाला की पाणी. पण तो आज-उद्यात उडायला हवा. नंतर पाणी लागून पाजायचं कोणाला?

सकाळच्या सुरुंगाने विहिरीच्या भिंतीत, तळापासून हातभर वर, एक पोकळी उघडली. दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी. आणि आतून सगळीकडे, वर-खाली, पांढऱ्या आणि फिकट हिरव्या स्फटिकांचे घोस, जणू कोणी खडीसाखरेची देवळी करून ठेवली होती. आमच्याकडे विहिरी खोदताना अशा गारगोट्या निघतात, पोरं खेळायला नेतात. पण एवढी खोली कोणी पाहिली नव्हती. साडूंनी न्याहारीवरून उठून ती काठावरून पाहिली आणि त्यांच्या तोंडातला घास तसाच राहिला. पुढे काय झालं ते वर सांगितलंच आहे.

"इथली हवा पृथ्वी निवाली तेव्हाची आहे!" खालून व्याख्यान सुरू झालं. "हिच्यात धूळ नाही, धूर नाही. हिला अजून कोणी नाक लावलेलं नाही!"

"पण आता तोंड उघडलंय ना," मी वाकून म्हणालो. "जुनी हवा गेली असेल."

"सगळी जात नाही. कोपऱ्यात राहते. अक्काला खाली पाठवा!"

"मना लिंबू वाळी ऱ्हायनात," आबा कपाळावर हात मारून म्हणाले, "आनि हाऊ मानूस खड्डामा बशी ऱ्हायना!"

चाचांनी विडी विझवली आणि विचारलं, "आबा, एक बात बोलो. पत्थर उडाने का, या दामाद?" आबांनी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला.

तोवर अक्का घरातून येऊन उभी राहिली होती. ती आधी बागेकडे बघत राहिली, मग विहिरीत डोकावली. खाली त्या चमकणाऱ्या देवळीतून तिचा नवरा दोन्ही हात वर करून तिला बोलावत होता, लहान मूल कडेवर घ्या म्हणून हात करतं तसे. अक्काने पदर खोचला. "आबा, माले खाले सोडा," ती म्हणाली. आबा काही बोलायच्या आत ती यारीच्या लोखंडी डब्यात, ज्यातून दगड वर ओढतात त्यात, उभी राहिलीसुद्धा. गावातल्या अर्ध्या बाया गोळा झाल्या होत्या. यारीवाल्याने दोर सोडला, डबा करकरत खाली गेला, साडूंनी हाताला धरून तिला आत घेतलं. वरून आम्हाला फक्त चार पावलं दिसत होती, शेजारी शेजारी.

विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळे पुढचं सगळं गावाने ऐकलं.

"मोठा श्वास घे. घेतला? सोड. पुन्हा." असं सात-आठ वेळा झालं. मग साडूंचा आवाज आला, पण तो त्यांचा नेहमीचा व्याख्यानी आवाज नव्हता. "काही वाटतंय का गं?"

"वाटतंय."

"काय?"

"मोकळं वाटतंय."

"खरं?"

"खरं. इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं. चला आता वर. आबांना बार उडवू द्या."

"पण मग ही जागा जाईल," साडू म्हणाले. "पुन्हा मिळणार नाही अशी."

"जाऊ द्या की. मी बरी झाले ना? आता ती काय करायचीय?"

साडू तिच्यामागोमाग डब्यात चढले. ते वर आले ते आयुष्यात पहिल्यांदा खिशात एकही दगड न घेता आले, हे मी मुद्दाम पाहिलं. चाचांनी वाती पेटवल्या, जमीन पोटातून हलली, दगड आभाळात जाऊन आले, आणि संध्याकाळपर्यंत तळात कंबरभर पाणी झालं. "पानी लागनं!" म्हणत आबा बागेत धावले, ते रोपांना हाताने कुरवाळत फिरले. साडू मात्र काठावर बसून पाणी चढताना बघत होते. देवळीच्या जागी नुसता फुटका कातळ होता, आणि तोही हळूहळू बुडत होता.

त्यानंतर पुष्कळ वर्षं धुळ्यात त्यांनी ही हकीकत सांगितली. दम्याचे रोगी पत्ता विचारत यायचे. साडू त्यांना चहा पाजत आणि हळहळून म्हणत, "आता ते पाण्याखाली गेलं हो. पण आमच्या घरात त्या दिवसापासून धाप नाही." अक्का आतून कप घेऊन येई आणि मान डोलवी. कधी मध्येच "शेजारी जाऊन येते" म्हणून उठे आणि बराच वेळ परत येत नसे. माझ्या बायकोने एकदा मला सांगितलं की शेजारणीकडे पिठाच्या डब्यामागे एका बरणीत अक्काच्या दम्याच्या गोळ्या असतात. धाप लागली की ती तिकडे जाऊन बसते. मी साडूंसमोर तो विषय कधी काढला नाही. म्हातारा माणूस, एवढा एकच विजय त्याच्या नावावर. तो कशाला मोडा?

पुढे एका आखाजीला आम्ही पुन्हा तिथेच होतो. लिंबाची झाडं डोक्याच्या वर गेली होती, फळांनी वाकली होती. साडू विहिरीवर पोरांना गारगोट्या चाटून दाखवत होते. अक्का झाडाखाली बसून पिवळी लिंबं वेगळी काढत होती. मी सहज बसल्यासारखा तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "अक्का, त्या दिवशी आत खरंच मोकळं वाटलं होतं का?"

"आत नुसता सुरुंगाचा धूर होता," ती म्हणाली. "डोळे झोंबत होते."

मी म्हणालो, "आणि साडूंना इतक्या वर्षांत ते कळलंच नाही?"

अक्काने एक लिंबू उचलून उजेडात फिरवून पाहिलं आणि टोपलीत टाकलं.

"गोळ्या तेच आणून ठेवतात," ती म्हणाली.