मोटारीच्या खोलीतला बाजा

संगमनेर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या गहिनीनाथकाकांना ऐन पन्नाशीत माउथ ऑर्गनचं, म्हणजे तोंडानं वाजवायच्या बाजाचं खूळ लागलं. सिनेमाची गाणी वाजवली असती तर कुणी कौतुक तरी केलं असतं. पण मोबाईलवर कुठलासा अमेरिकेतला म्हातारा ऐकून यांनी धरले ते ब्लूज, तिकडची दुःखाची गाणी. त्यात म्हणे श्वास आत ओढून सूर वाकवायचा असतो. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस हुंदके देतोय. साथीला मोबाईलमधला ट्रॅक, नुसता ड्रम आणि गिटार. "ट्रॅक मधी जागा सोडतो, तिथं आपन वाजवायचं," असं ते मला समजावत. मी मान डोलवायचे आणि सटकायचे.

त्यांच्या बायकोनं, भीमाकाकूंनी, हे रडगाणं घरात चालू दिलं नाही. म्हणून काका रोज दिवेलागणीला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जात, उसाला पाणी सोडत, मोबाईल छोट्या स्पीकरला जोडत आणि वाजवत बसत. त्याच उसात बिबट्या होता. त्यानं बनुबाईची शेळी दावणीवरून नेली, तेव्हापासून वस्तीवरचा प्रत्येक जण मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावूनच शेतात जायचा. आवाज असला की जनावर जवळ येत नाही म्हणतात. मग काकूंनीही बाजाला माफी दिली. "वाजतंय तवर मानूस जित्ता हाय," म्हणायच्या.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. काकू भाकरी थापत होत्या, विहिरीकडून ट्रॅक ऐकू येत होता. एकदम त्यांचे हात थांबले.

"ह्यांचं रडनं कुठं गेलं गं?"

मी कान दिला. ड्रम चालू, गिटार चालू. जागा आली आणि मोकळीच निघून गेली. पुढचीही तशीच. ट्रॅकला काय, माणूस असला काय नि नसला काय! आणि आम्ही इतके दिवस त्याच्या भरवशावर निवांत होतो.

मी मोबाईल काढला. काकूंनी पिठाच्या हातानं तो हिसकावला.

"फोन लावू नगंस! फोन गेला की गानं बंद पडंल. म्होरं वाघ असंल तर?"

त्यांनी परात आणि उलथनं उचललं आणि त्या धावत सुटल्या. परात वाजवली असती तर बाजा पुन्हा सुरू झालेला कळला नसता, म्हणून नुसत्या कान देऊन पळत होत्या. मला मागं फिरावंसं वाटत होतं, पण एकटीनं फिरायची त्याहून भीती वाटली.

मोटारीच्या खोलीला दार नव्हतं. काका चौकटीत उभे होते, बाजा ओठांशी तसाच धरलेला. समोर बांधावर बिबट्या बसला होता, स्पीकरकडे बघत. तेवढ्यात गिटार मंदावली. ट्रॅक कुठं संपतो हे काकांना पाठ होतं. त्यांचे ते डोळे पुन्हा कधी बघायला लागू नयेत.

ट्रॅक संपला. बिबट्या उठला.

"अहोऽऽ!" काकू किंचाळल्या आणि परात बडवत सुटल्या. मीही गळा फाटेस्तोवर ओरडले. बिबट्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि तो वळून उसात शिरला. काकांच्या बाजातून एक वेडावाकडा सूर निघाला. इतका वेळ अडवून धरलेला श्वास सुटला होता.

पिंजरा लागलाय, पण बिबट्या अजून सापडलेला नाही. ऊस तर पाण्यावाचून राहत नाही. काका अजूनही दिवेलागणीला विहिरीवर जातात, पण ट्रॅक लावत नाहीत. काकूंनी शपथच घातलीय. ते एक ओळ वाजवतात आणि थांबतात. त्या जागेत काकू चुलीपासून ओरडतात, "हाय का?" तिकडून बाजा उत्तर देतो. उत्तराला जरा उशीर झाला, की तव्यावरची भाकरी करपते.