सेम्मणकुडीची रेघ

रघोजीराव माती चाखत असत. चिमूटभर माती पुढच्या दातांखाली धरायची आणि हळूच चावायची. कचकच लागली तर गाळ, लोण्यासारखी सरकली तर चिकणमाती. तंजावूर जिल्ह्यातल्या निम्म्या गावांची चव त्यांच्या जिभेवर होती. राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी घरं बरीच होती. कुणी शिक्षक, कुणी वकील, एक जण वीणा शिकवणारे. पण माती खाऊन पगार घेणारे आमचे हे एकटेच, असं त्यांची बायको विनुता चारचौघांत म्हणे. एकदा तिरुवैयारूला तिच्या चुलतबहिणीच्या लग्नात हे गृहस्थ मांडवाच्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्यापाशी उकिडवे बसून तोंड हलवताना सापडले, तेव्हा तिने तीन दिवस अबोला धरला होता.

सरकारी कचेरीत त्यांचं काम होतं जमिनीखालचं कागदावर आणण्याचं. खडक कुठे आहे, वाळूचा थर कुठून कुठे जातो, जमीन कुठे तुटून एका बाजूने खाली खचली आहे, हे सगळं नकाशावर दाखवायचं. अशा खचलेल्या जागेला भ्रंश म्हणतात. डोंगराळ मुलखात हे काम सोपं, कारण तिथे खडक उघडाच पडलेला असतो. कावेरीच्या मुलखात मैलोन् मैल भाताची खाचरं. दाखवायला म्हणून वल्लमकडची लाल मुरमाड टेकाडं, बाकी सगळं चिखलाच्या पांघरुणाखाली. मग विहिरींत डोकवायचं, कालव्याची नवी खोदाई शोधायची, आणि पाणी भरणाऱ्या बायकांना विचारायचं. त्यांच्याइतकं जमिनीच्या पोटातलं कुणाला ठाऊक नसतं, हे रघोजीराव मनापासून मानत. मानत असूनही ते जे करून बसले, त्याचीच ही हकीकत आहे.

या नकाशांचा एक रिवाज आहे. डोळ्यांनी पाहिलेली हद्द सलग रेघेने दाखवायची. अदमासाने ओढलेली तुटक रेघेने. आणि मातीखाली दडलेली, असावी असं नुसतं वाटणारी, ती ठिपक्यांनी, शेजारी प्रश्नचिन्ह काढून. प्रश्नचिन्ह काढण्यात कमीपणा नाही, उलट तोच प्रामाणिकपणा, असं शिकवलं जातं. रघोजीरावांना ते पाठ होतं. पण सत्त्याऐंशी सालच्या मुक्कामात त्यांनी कावेरीकाठच्या एका पट्टीवर भ्रंशाची ठिपक्यांची रेघ काढली, तेव्हा साहेबांनी तो कागद तंबूतल्या सगळ्यांना दाखवला. “चिखलाला हाडं कुठून आली हो, राव?” साहेब म्हणाले, आणि सगळा तंबू हसला. रघोजीरावही हसले. हसता हसताच त्यांनी खोडरबर मागून घेतला.

माणूस भिडस्त, त्यातून मानी. त्यांनी ते मनाला फार लावून घेतलं. तेव्हापासून त्यांच्या नोंदवहीला दोन तोंडं झाली. पुढून इंग्रजीत नीटस नोंदी: थर, खोली, रंग, दिशा. मागून मराठी. देवनागरी वाचणारे त्यांच्या घरातले शेवटचे म्हणजे त्यांचे आजोबा, तेव्हा रघोजीराव मराठी लिहीत ते तमिळ अक्षरांत. मागच्या पानांवर साहेबांचं घोरणं होतं, मुक्कामाच्या सांबाराची निंदा होती, आणि त्यांना आलेल्या सगळ्या शंका होत्या. तमिळ माणसाने वही उघडली तर अक्षर न् अक्षर वाचता यावं आणि ओ की ठो कळू नये. तिथे कुणी हसणार नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलात ते सेम्मणकुडीला गेले. वल्लमच्या लाल टेकाडाची कड जिथे शेतात उतरते तिथलं हे लहानसं गाव. तळ्याच्या बांधावर एक मोठी चिंच होती. राजम नावाची एक बाई पाणी भरत होती, तिशीही न गाठलेली, बोलण्यात धीट. हे काय शोधतायत ते ऐकून ती म्हणाली, “सार, या चिंचेच्या पलीकडे पाणीच वेगळं आहे. त्या पाण्यात भात शिजवला तर पिवळा पडतो. माझ्या सासूला माहीत होतं, आता मला माहीत आहे.” तिने दोन्हीकडच्या विहिरींचं पाणी आणून दिलं. चिंचेच्या पूर्वेला पंधरा फुटांवर गोड पाणी. पश्चिमेला साठ फूट खाली, आणि तेही मचूळ. दोन विहिरींत अंतर जेमतेम दीडशे पावलांचं. त्यांनी दोन्हीकडची मातीही चाखली. पूर्वेला कचकच वाळू, पश्चिमेला नुसती चिकणमाती.

इतकं सरळ उत्तर त्यांना आयुष्यात फार थोड्या वेळा मिळालं. चिंचेखालून भ्रंश जात होता. पश्चिमेची बाजू खचून खाली गेली होती आणि गोड्या पाण्याचा वाळूचा थर तिच्याबरोबर खोल गडप झाला होता. ते तिथेच बांधावर बसले आणि लिहू लागले. राजम घागर कडेवर घेऊन उभी राहिली, दोन पानं भरेपर्यंत हलली नाही. आपण सांगितलेलं कुणी लिहून घेतंय याचं तिला अप्रूप वाटलं असावं. “सगळं लिहिलंत ना, सार?” तिने विचारलं. “सगळं,” ते म्हणाले.

लिहिलं होतं खरंच सगळं. मागच्या पानांवर.

नकाशा पुरा करायची वेळ आली. भ्रंश दाखवायचा तर पुन्हा चार दिवस गावात जाऊन मातीत सळई घालून पाहायला हवं होतं, आणि साहेबांपुढे उभं राहून चिखलाला हाडं असतात हे सांगायला हवं होतं. मुक्काम उठत होता. रघोजीरावांनी गावाच्या पूर्वेला दिसलेला वाळूचा पट्टा आणि दोन मैलांवर पश्चिमेला पुन्हा दिसलेला पट्टा एका सलग रेघेने जोडून टाकले. मध्ये सेम्मणकुडी. ठिपके नाहीत, प्रश्नचिन्ह नाही. रेघ सुरेख आली होती, साहेबांनी पाठ थोपटली. लिहून तर ठेवलंय, असं रघोजीरावांनी मनाशी म्हटलं. हे वाक्य ते पुढे पुष्कळ वर्षं म्हणत राहिले.

आठ वर्षांनी दुसऱ्या एका खात्याने सेम्मणकुडीला पाण्याची योजना आणली. नवी वसाहत चिंचेच्या पश्चिमेला वसत होती, आणि नकाशावर वाळूचा थर तिथेही सलग दिसत होता. तिथे तीन नळविहिरी पाडल्या. तिन्हींना मचूळ पाणी लागलं. ही बातमी रघोजीरावांच्या कानावर वल्लमच्या बसमध्ये पडली. शेजारचे दोघे सरकारला शिव्या घालत होते. ते आपल्या थांब्याच्या दोन थांबे अलीकडे उतरले आणि उन्हातून चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन ते बोलू शकले असते. साहेब तोवर बदलून गेले होते, हसणारं कुणी उरलं नव्हतं. पण आता प्रश्न हसण्याचा नव्हता, चौकशीचा होता. ते मूग गिळून बसले. पुढे बढती झाली, निवृत्ती झाली, शाल मिळाली. सत्कारात कुणीतरी म्हणालं की रावसाहेबांची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची. रघोजीरावांनी शाल खांद्यावरून काढून ठेवली.

यंदा मार्चमध्ये साईप्रिया त्यांच्या दारात आली. दोन गल्ल्या पलीकडच्या रंगरावांची मुलगी, त्याच कचेरीत नुकती लागलेली. जुने नकाशे आणि नोंदवह्या संगणकावर चढवायचं काम तिच्याकडे होतं. तिच्याआधी कुणीतरी रघोजीरावांच्या वहीवर शेरा मारून ठेवला होता: मागील चाळीस पाने वाचता येतात, अर्थ लागत नाही.

“मामा,” ती पायरीवर बसत म्हणाली, “मीपण पहिलें वाचलें तेव्हां मज कांही कळलें नाही. मग मोठ्यानें वाचलें. अय्यो, हें तर आपलें घरचें बोलणें की!” तिने फोनवर पान उघडलं आणि तमिळ अक्षरं एकेक करून वाचू लागली. तिला मराठी कानाने येत असे, लिहिलेली तिने कधी पाहिली नव्हती. सेम्मणकुडी. चिंच. दोन विहिरी. राजम नावाची बाई. इथून जमीन तुटलेली आहे, खात्री आहे.

विनुता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. “हें तुम्हांस ठाऊक होतें?” तिने विचारलं. “इतकीं वर्षें?” ती आत निघून गेली. तीन दिवसांचा अबोला परवडला असता, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

साईप्रियाला त्यांना खजील करायचं नव्हतं. तिला फक्त जागा हवी होती. नव्या नकाशात ती तिथे भ्रंश घालणार होती, पण नेमका कुठून ते दाखवायला कुणीतरी बरोबर हवं होतं. रघोजीराव तयार झाले. मनात दुसरंच होतं. ती बाई जिवंत असेल तर तिच्यापुढे जाऊन कबूल करायचं होतं. तिने दोन शब्द बोलून सोडून द्यावं, एवढीच आता त्यांची आस होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साईप्रियाच्या स्कूटरवर मागे बसून ते गेले. सेम्मणकुडी ओळखू येत नव्हतं. तळं बुजून त्यावर समाजमंदिर उभं होतं, चिंच रस्त्यासाठी गेली होती, जुन्या विहिरी आटल्यावर बुजवून टाकल्या होत्या. रस्त्याच्या कडेला निळ्या-हिरव्या प्लास्टिकच्या घागरींची लांब रांग पाण्याच्या लॉरीची वाट पाहत होती. त्या रांगेतच राजम बसलेली सापडली. केस पांढरे, आवाज तोच.

“मातीखाऊ सार!” ती म्हणाली आणि मोकळेपणाने हसली.

त्या हसण्याने रघोजीरावांना आणखी कठीण गेलं. ते उभ्यानेच बोलले. “अम्मा, इथे वाईट पाणी लागलं ते माझ्यामुळे. तुम्ही सांगितलेलं मी नकाशावर घातलं नाही.”

“असं कसं? मी उभी होते की. तुम्ही दोन पानं लिहिलीत.”

“लिहिलं. पण आमच्या घरच्या भाषेत लिहिलं. कचेरीत ती कुणाला येत नव्हती.” जरा थांबून त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. “येऊ नये म्हणूनच तशी लिहिली. लोक हसतील म्हणून भ्यालो.”

राजम रागावली असती तर बरं झालं असतं. ती हिशोब जुळवत बसल्यासारखी दिसत होती, आणि मग हळूहळू बोलू लागली.

“यंत्र घेऊन आले तेव्हा लोक माझ्याकडेच आले होते, सार. पाण्याचं मलाच विचारायची रीत होती. चिंचेपलीकडे नको म्हणून मी ओरडले असते. पण मी गप्प बसले. म्हटलं, शिकलेल्या माणसाने माझं सगळं ऐकलं, लिहून नेलं, तपासलं असेल. तरी सरकार तिथेच खणतंय. म्हणजे माझंच चुकत असणार. सासूचंही चुकत असणार.” ती थांबली. “मग आमच्या सुंदरने घराची विहीर कुठे खणू विचारलं. मी पलीकडेच दाखवलं. पोटचा मुलगा, त्यालाही. भात पिवळा पडायला लागला, तो बायकोपोरं घेऊन तिरुप्पूरला गेला. त्यानंतर मी कुणाला पाण्याचं काही सांगितलं नाही.”

साईप्रियाने हळूच विचारलं, की चिंच कुठे होती तेवढी जागा आजी दाखवतील का. राजमने रस्त्याकडे पाहिलं, समाजमंदिराकडे पाहिलं, हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. “आता मला खात्री नाही, बाळ,” ती म्हणाली. “इथे असेल. नाहीतर तिथे असेल.”

रघोजीराव तिच्यासमोर उकिडवे बसले. गुडघे दुखत होते. त्यांना वाटलं होतं की आपण एक रेघ चुकवली. या बाईकडून आपण काय काढून घेतलं ते त्यांना आत्ता कळलं, आणि परत देण्याजोगं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं.

“अम्मा,” ते म्हणाले, “तुमचं बरोबर होतं. सगळं बरोबर होतं.”

“हे तेव्हा मोठ्याने सांगायचं होतंत, सार,” राजम म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. लॉरी वळणावर आली, तशी ती घागर पुढे सरकवून उभी राहिली.