आहेर पुकारणाऱ्याची लेक

घाटनांदूरची वर्षाराणी २००२ साली परळीत महांतेशमामांचं सायबर कॅफे सांभाळायची. काही दिवसांपासून तिथलं इंटरनेट नुसतं रांगत होतं. कुठलं तरी एक मशीन सगळा वेग गिळत होतं, पण सगळी मशीनं ज्यातून इंटरनेटला जोडलेली, त्या सर्व्हरच्या नोंदीत प्रत्येक मागणीपुढे सर्व्हरचाच पत्ता!

"आज चोर सापडला न्हाई, तर उद्यापासून घरी बस, वर्षे!" मामा आपल्या मशीनवरूनच ओरडले.

वर्षाराणीने शोधलं आणि तिला हसूच फुटलं. सर्व्हरच्या ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, आलेली मागणी मधला एक प्रोग्राम ८०८० च्या दारावर वळवत होता, पण पाठवणाऱ्या मशीनऐवजी स्वतःच्या, म्हणजे सर्व्हरच्याच पत्त्याने.

"मामा, आमचे अप्पा लग्नात माईकवर आहेर पुकारतात. पाकिटं गोळा करणाऱ्याच्याच नावाने त्यांनी सगळे आहेर पुकारले तर?"

"पाव्हणे मांडव डोक्यावर घेतील की!"

"हितं तेच झालंय."

तिने मधला प्रोग्राम काढला. पाठवणाऱ्याच्या पत्त्याला हात न लावता पोर्ट वळवायचं काम थेट सर्व्हरला दिलं. पडद्यावर मशीनगणिक वेगळा पत्ता उमटला, आणि एकाच पत्त्याच्या मागण्यांची रांग संपेना.

वर्षाराणीने पाण्याचा पेला माईकसारखा धरला. "सगळ्यात मोठा आहेर, एक नंबरच्या मशीनकडून!"

एक नंबरवर मामाच होते, सकाळपासून इंटरनेटवरून गाणी उतरवून घेत.

"हळू पुकार की गं!" मामा कुजबुजले. "आन् उद्या टायमावर ये."