पाच मुलांचा नियम

डॉक्टरबाईंच्या पायाला भिंगरी होती. एका छोट्या दवाखान्यात खोकल्या-तापाची औषधं देत त्यांनी सुरुवात केली आणि पन्नाशीला येईतो अकरा देशांच्या लसीकरणाची सूत्रं त्यांच्या हाती आली. धाकटा भाऊ चिडवायचा, "ताई, पाहुणी म्हणून तरी घरी येत जा." भाषणात त्यांचं एकच पालुपद असे: लस शेवटच्या घरापर्यंत गेली पाहिजे. लोक टाळ्या वाजवत, आणि खोटं कशाला बोला, बाईंना त्या आवडत.

गोवराच्या लसीची बाटली दहा मुलांची. एकदा उघडली की सहा तासांत संपवायची, उरेल ती फेकायची. या फेकाफेकीवरून दर बैठकीत बाईंना बोलणी खावी लागत. शेवटी कंटाळून त्यांनी परिपत्रक काढलं: पाचपेक्षा कमी मुलं आली असतील तर बाटली उघडू नये. वर्षभरात नासाडी निम्म्यावर आली आणि वरच्यांनी बाईंची पाठ थोपटली. लहान वस्त्यांचं काय, हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता असं नाही. सुचला होता. त्यांनी तो पुढच्या बैठकीवर ढकलला, आणि पुढची बैठक दुसऱ्याच विषयावर झाली.

मग डोंगरावरच्या एका वस्तीत गोवर आला आणि दीड वर्षाची एक मुलगी गेली. त्याआधी तिला लसीसाठी घेऊन आलेल्या आईला तिथल्या नर्सने लस न देताच परत पाठवलं होतं. नर्सला घरी बसवायचं हे वरच्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. चौकशी तेवढी उरली होती, ती बाईंकडे आली.

उपकेंद्र म्हणजे एक खोली, त्यात लसीची शीतपेटी, वजनकाटा आणि एक बाक. नर्सने भिंतीवरचं परिपत्रक काढून त्यांच्यापुढे धरलं. खराब होऊ नये म्हणून तिने त्याला प्लास्टिक चढवलं होतं.

"बाई, त्या दिवशी तीनच मुलं आली होती. म्हणून म्हटलं, पुढच्या आठवड्यात या. माझं वाचण्यात काही चुकलं का?"

खाली बाईंचीच सही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही पोर त्यांना दोष द्यायचा सोडून स्वतःची चूक शोधत बसली होती.

"तुझं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं."

त्या बाकावरच त्यांनी अहवाल लिहिला. नर्स निर्दोष, हुकूम चुकीचा, हुकूम माझा. यापुढे एकच मूल आलं तरी बाटली उघडावी. नर्सची नोकरी वाचली, पण बाईंच्या मनावरचं ओझं तसूभरही हललं नाही. म्हणून बाई त्या मुलीच्या घरी गेल्या.

आई दारात कपडे वाळत घालत होती. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: पाचाचा नियम, त्याखालची आपली सही. मग हात जोडले. ती शिव्या घालेल, दारातून हाकलून देईल, अशी तयारी करूनच त्या आल्या होत्या. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

आईने हातातलं कापड पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं.

"म्हणजे दोन पोरं कमी पडली?"

"हो."

"एवढंच होतं तर सांगायचं ना हो. शेजारच्या दोन पोरांची लस राहिलीच होती. मी आणलं असतं ना त्यांना कडेवर घेऊन."